‘थापकरी’ म्हणावं की ‘थापाडे’?

माझ्या मित्राचा पोरगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. रविवारी चार-पाच जण जमून फासे आणि कागद घेऊन ते फॅन्टसीवाले गेम खेळतात, आणि ह्या पठ्ठ्यानं त्यासाठी एक अख्खं जग मराठीत लिहायला घेतलंय. त्याचा प्रश्न थोडक्यात असा : ‘काका, माझ्या जगात एक रिलिजन आहे. विहीर खणणाऱ्या एका माणसाला साठ हात खाली गेल्यावर खडकाच्या पलीकडनं कुणीतरी तीनदा वाजवल्याचा आवाज आला, तिथनं सुरुवात. त्यांचं म्हणणं, जमीन म्हणजे झाकण आहे, देव खाली आहे आणि तो आतनं वाजवायलाय. म्हणून ते हात जोडत नाहीत, दगडावर तीनदा वाजवतात आणि उत्तराची वाट बघत गप्प बसतात. मी ह्याला ठोकधर्म असं नाव दिलंय पण वाचताना माझं मलाच हसू येतंय. धर्म लिहू, पंथ लिहू की संप्रदाय लिहू? आणि कल्टला मराठीत काय म्हणायचं?’

हसू येणारच की रे. ठोकधर्म म्हटलं की मला रविवार पेठेतलं गुळाचं दुकान दिसतं, ठोक आणि किरकोळ. शिवाय ठोकणे म्हणजे मारणेपण, म्हणजे तुझे लोक एकतर होलसेलवाले नाहीतर गुंड. ते नाव आधी काढ. नवीन नावाचं नंतर बघू, पहिल्यांदा धर्म-पंथ-संप्रदाय ही भानगड.

धर्म हा शब्द आपण आता फॉर्ममध्ये जातीच्या वरच्या रकान्यात भरतो तसा वापरतो, पण मराठीत त्याचा पसारा त्याहून लई मोठा आहे. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मकाटा, आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात गुणधर्म. मूळ धातू धृ, धरून ठेवणे. ज्यानं वस्तू वस्तूसारखी राहते तो तिचा धर्म, म्हणून पाण्याचा धर्म वाहणं असं आपण सहज बोलतो. म्हणजे तुझ्या जगातला एखादा म्हातारा आपल्या रिलिजनला धर्म म्हणेल तेव्हा त्याच्या डोक्यात ‘अनेक धर्मांपैकी आमचा एक’ असलं काही नसणार, त्याच्या दृष्टीनं जग असंच चालतं एवढंच. गावात एकच देव असला तर त्याला वेगळं नाव कशाला लागतंय? नाव लागतं ते दुसरा कुणी शेजारी राहायला आला की मग.

संप्रदाय म्हणजे दिलेलं, गुरूनं शिष्याला, त्यानं पुढच्याला. वारकरी संप्रदाय, नाथ संप्रदाय. तुझ्या त्या विहीरवाल्यानं कुणाला काही शिकवलं असलं आणि ती साखळी सांगता येत असली तरच हा शब्द वापर. पंथ म्हणजे वाट, पण आपल्या बेळगावकडं, कन्नडच्या शेजारात, ह्या शब्दाची एक गंमत आहे जी पुण्याच्या माणसाला कळणार नाही. कन्नडमध्ये पंथ म्हणजे पैज, आव्हान. पेपरात पंथाह्वान असा शब्द दिसला की त्यात धर्माचं काही नसतं, एका पुढाऱ्यानं दुसऱ्याला चॅलेंज दिलेलं असतं. मी पाचवी-सहावीत असताना शेजारच्या कन्नड पोरांनी पंथ लावूया म्हटलं तर मला वाटलं हे कुठल्या बाबाच्या नादाला लागले. आणि ह्यात आणखी एक घोळ इथल्या जवळच्याच बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांचा, तिथला पंत हा पंडितवरनं आलेला, त्याचा पंथाशी काही संबंध नाही, पण बोलताना बरेच जण पंथ महाराज म्हणतात आणि मग त्यांच्या अवधूत संप्रदायालाच पंथ समजतात. असो.

मत ह्या शब्दाकडं मात्र नीट बघ, तुझ्या कामाचा आहे. मराठीत मत म्हणजे आपलं म्हणणं किंवा निवडणुकीतलं मत. कन्नडमध्ये हे दोन्ही आहेच, वर मत म्हणजे धर्मसुद्धा, म्हणून धर्मांतराला ते मतांतर म्हणतात. आपण मराठीत ‘ह्याबद्दल मतांतरं आहेत’ असं म्हणतो तेव्हा फक्त वाद असतो, तिकडं मतांतर म्हटलं की हेडलाइन आणि कायदा. एकाच बाजारात उभी असलेली दोन माणसं एकच शब्द बोलायलीत आणि एक चर्चा समजतोय, दुसरा धर्म बदलणं. तुझ्या जगात दोन भाषांची सीमा असेल तर असा एक तरी शब्द ठेव, त्यावर अख्खा एक रविवार खेळता येईल.

आता मुद्दा. तू विचारतोस ह्यातला कुठला शब्द बरोबर. माझं मत (मराठीतलं) असं की प्रश्नच जरा चुकलाय. मराठीत हे शब्द कोण बोलतंय त्यावर ठरतात. आतला माणूस एक म्हणतो, शेजारी दुसरं, आणि वाईटावर असलेला तिसरं. आणि बऱ्याचदा शब्दकोशात टिकतो तो तिसऱ्याचा शब्द.

उदाहरणं बघ. चक्रधरांचा तेराव्या शतकातला महानुभाव पंथ. महानुभाव म्हणजे मोठ्या अनुभवाचा, थोर माणूस. बाहेरच्यांनी त्याचं मानभाव केलं, आणि आज मानभावी म्हणजे वरनं गोड आणि आतनं लबाड. ज्यांच्या पंथानं मराठीला इतकं सुरुवातीचं गद्य दिलं त्यांचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो आणि वापरणाऱ्याला पत्तापण नसतो. (जाता जाता, ह्याच लोकांनी आपले ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी केली होती, अक्षरांची अदलाबदल करून. तुमच्या गेममध्ये असलं काही घातलं तर पोरं म्हणतील ओव्हर झालं, पण ते खरंच होतं.) नाथांमधले कानाला भोक पाडून कुंडलं घालणारे स्वतःला दर्शनी म्हणवायचे, लोकांनी नाव ठेवलं कानफाटे. त्यावरनं म्हणच पडली, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

सगळ्यात भारी पाखंड. आज पाखंडी म्हणजे ढोंगी, नास्तिक, काय वाटेल ते. पण अशोकाच्या लेखांत पासंड हा शब्द साधा आहे, पंथ ह्या अर्थाचा, त्यात शिवी नाही. बाराव्या शिलालेखात राजा म्हणतो की सगळ्या पासंडांचा मान ठेवा, आपल्याच पासंडाची फुशारकी आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नका. आणि हा बारावा लेख आपल्याच कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला सापडलाय, तोही कसा, 1986 मध्ये चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं तेव्हा मूर्तीच्या खालचा दगड म्हणजे अशोकाचा लेख निघाला. सगळ्या पंथांचा मान ठेवा म्हणणारा दगड दुसऱ्याच देवाच्या पायाखाली बैठक म्हणून, किती वर्षं कोण जाणे. खोट्या जगासाठी मला असलं सुचलं नसतं.

म्हणून आता तुझ्या विहीरवाल्यांचं नाव. ठोक सोड, थाप घे. दारावर थाप पडते, डफावर थाप पडते, म्हणजे तुझा देव खालनं जे करतो ती थापच. मराठीत लोकांना त्यांच्या करण्यावरनं नाव पडतं, वारी करणारा वारकरी, माळ घालणारा माळकरी, तसा थाप देणारा तो थापकरी. धर्म-पंथ शेपूट लावायची गरजच नाही, वारकरीसुद्धा ‘मी वारकरी संप्रदायाचा’ असं भाषणातच म्हणतो, घरात ‘आम्ही माळकरी’ एवढंच. आणि थापेचा दुसरा अर्थ तुला सांगायला नको. शेजारच्या राज्यातले लोक ह्यांना थापाडे म्हणणार, पहिल्याच दिवसापासनं. दोन्ही नावं एकाच शब्दातनं, आतल्यांसाठी पवित्र आणि बाहेरच्यांसाठी खोटारडं, आणि तुला वेगळं काही समजावून सांगायला लागत नाही.

कल्टचं म्हणशील तर मराठीत त्याला नाम शोधू नको, मिळत नाही. बुवाबाजी आहे, पण ती त्या बुवाचा धंदा दाखवते, माणसांचा जमाव नाही. आपण तिथं क्रियापद वापरतो. ‘त्यांच्या नादाला लागलाय’, ‘त्यांच्यात गेला’. आमच्या गल्लीत कुणाच्या पोराबद्दल ‘त्यांच्यातला झालाय’ असं हळू आवाजात म्हटलं की कल्ट हा शब्द न उच्चारता कल्ट पूर्ण झाला. आत जायचं क्रियापदसुद्धा प्रत्येकाचं वेगळं असतं बघ, वारकरी माळ घालतो, दत्तभक्त अनुग्रह घेतो, लिंगायत लिंगदीक्षा घेतात, ख्रिश्चन बाप्तिस्मा घेतात. तुझे थापकरी काय करतात? मी असतो तर ‘कान दिला’ ठेवलं असतं. ‘धाकट्यानं कान दिलाय म्हणे.’ कान देणं म्हणजे लक्ष देऊन ऐकणं हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, त्यामुळं एका वाक्यात दीक्षा झाली.

देवळाला मंदिर लिहू नको एवढं कर. प्रत्येक गोष्टीत मंदिर लिहायची खोड लागलीय सगळ्यांना. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची, जैनांची, तिला कुणी मंदिर म्हणत नाही. संस्कृत वसति म्हणजे राहायची जागा, कन्नडमध्ये बसदी, आपल्या तोंडात बस्ती, आणि तीच वसति दुसरीकडनं येऊन माणसांची वस्ती झाली. देव राहतो ती बस्ती, आपण राहतो ती वस्ती. तुझ्या थापकऱ्यांचा देव तर खाली आहे, मग त्यांची पवित्र जागा म्हणजे वर बांधलेली इमारत कशी असेल? भोकच असणार. आड म्हण. विहिरीपेक्षा अरुंद, खोल, आपल्या जुन्या घरांच्या परसात असायचा तसला.

घोषणा मात्र कळणारी ठेवू नको. येळकोट येळकोट आपण जेजुरीला भंडारा उधळत ओरडतो, पण ते कन्नड एळु कोटि, सात कोटी. कर्नाटकातल्या मैलारला, तिकडच्या खंडोबाच्या गावी, आजही लोक एळु कोटी म्हणतात आणि त्यांना अर्थ कळतो, आपल्याकडं येता येता अर्थ वाटेत सांडला आणि जोर तेवढा राहिला. त्याच मैलारला कार्णिक होतं, म्हणजे वर्षाची भविष्यवाणी, गोरवय्या म्हणजे त्या देवाचा भक्त उंच धनुष्यावर चढतो, ‘सद्दले’ म्हणून ओरडतो, म्हणजे आवाज बंद, आणि हजारो माणसं गप्प झाली की भविष्याचं एकच वाक्य बोलून वरनं अंग टाकतो. मग वर्षभर त्या वाक्याचा अर्थ लावत बसायचं, पाऊस म्हणाला की सरकार पडणार म्हणाला.

तुझ्या विहीरवाल्याचंपण असंच एक वाक्य पाहिजे, वर आल्यावर तो जे बोलला ते. आडाचा मी विचार केला तो त्यासाठीच. तो वर आला, तोंडात माती, दम लागलेला, आणि म्हणाला, ‘देव आड आहे.’ आणि त्याच रात्री वारला. आता बस. एक गट म्हणतो आड हाच देव, तो बुजू द्यायचा नाही, काठावर दिवा लावायचा. दुसरा म्हणतो देव खडकाच्या आड आहे, खणत राहा, त्याला बाहेर काढायचंय. आणि तिसरा गट, जो लहान आहे आणि ज्याला बाकीचे दोन्ही घाबरतात, तो म्हणतो की त्या माणसाला खाली काहीतरी दुसरंच दिसलं होतं, ते वर यायला बघायलंय, आणि देव त्याच्या आड उभा आहे.