प्लास्टिकच्या चिलखताची चमक

प्रश्न : ताई, कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळावा) मुलाने एबीएस प्लास्टिकचं पांढरं चिलखत बनवलंय. त्यावर बारीक ओरखडे उठलेत. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अजिबात नको! त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धूळ काढा. कोरडं पुसलंत तर धुळीनेच नवे ओरखडे पडतील. मग २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा अगदी बारीक पॉलिश पेपर) भिजवून हलक्या हाताने फिरवा, वर गाडीचं रबिंग कंपाउंड (ओरखडे घालवणारी पॉलिशची पेस्ट) मऊ फडक्याने चोळा. रंगवलेल्या भागाला मात्र पेपर लावू नका. पॉलिशचं मशीन तर नकोच, घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळतं. मुलाची एवढी मेहनत आहे, घाई करू नका. आणि उन्हात ठेवू नका, एबीएस पिवळं पडतं.