दर आठवड्याला हाताने होणारं १० मिनिटांचं डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) ऑटोमेट करावं का?

१० मिनिटं म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेनऊ तास. हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहायला दोन दिवस लागणार असतील, तर नुसत्या वेळेच्या हिशेबात पहिल्या वर्षी ती परवडत नाही. तरीही करा, कारण डिप्लॉयमेंटमध्ये वेळेपेक्षा चूक महाग पडते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीत हेच घडलं. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवताना एक सर्व्हर राहून गेला होता. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

सतत बदलणारी स्क्रीन मात्र सध्या माणसानेच तपासावी. तिथल्या ऑटोमेटेड टेस्ट दुरुस्त करण्यातच जीव जातो.

स्क्रिप्टआधी सगळ्या पायऱ्या कागदावर उतरवा. जी पायरी नेमकी लिहिता येत नाही, ती एवढ्यात ऑटोमेट करू नका.