स्पर्धकाचं नाव कीवर्डमध्ये टाकलं आणि नोटीस आली

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये आमचा पेस्ट कंट्रोलचा छोटा व्यवसाय आहे. भाच्याने गूगलवर जाहिरात लावून दिली, रोजचं बजेट ६०० रुपये. कीवर्डमध्ये (गूगलवर कोणता शब्द शोधल्यावर जाहिरात दिसावी त्या यादीत) त्याने आमच्याच भागातल्या एका मोठ्या कंपनीचं नाव चार प्रकारे टाकलं होतं. तीन महिन्यांत त्या चार कीवर्डवर २१२ क्लिक आले, ६,७८४ रुपये गेले, कामं मिळाली तीन. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : ट्रेडमार्कचा भंग, सात दिवसांत १५ लाख भरपाई आणि लेखी माफी, नाहीतर फौजदारी तक्रार. भाचा म्हणतो, कीवर्ड कुणाला दिसतच नाही, मग भंग कसला? अकाउंट डिलीट करून मोकळं व्हावं का? नोटीस आणि सोबतचा स्क्रीनशॉट पाठवत आहे.

उत्तर : डिलीट अजिबात करू नका. ते चार कीवर्ड आजच्या आज ‘पॉज’ करा, अकाउंट जसंच्या तसं राहू द्या. तुमच्या जाहिराती गूगलच्या जाहिरात पारदर्शकता केंद्रात कुणालाही पाहता येतात आणि स्क्रीनशॉट तर त्यांच्याकडे आहेच. म्हणजे डिलीट करून त्यांचा पुरावा जाणार नाही, गेलाच तर तुमचाच जाईल. शिवाय नोटीस मिळाल्यानंतर पुसापुशी केली हे कोर्टात फार वाईट दिसतं.

त्या कंपनीला इथे ‘क्ष’ म्हणू. भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून टाकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या अर्थाने ‘वापर’ आहे. पण ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर तेवढ्यावरून भंग होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्या वादात हीच भूमिका कायम राहिली आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेकमायट्रिपची याचिका फेटाळली. दिल्लीचे निकाल पुण्याच्या न्यायालयावर बंधनकारक नाहीत, पण या विषयावर दोन्ही बाजूंचे वकील आधी तेच पुढे ठेवतील.

मात्र त्या निकालांवर फार विसंबू नका. बुकिंग डॉट कॉम हे नाव लोकांना आधीच माहीत होतं, त्यामुळे गोंधळ होण्याची शक्यता कमी, असं न्यायालयाला वाटलं. तुमचं नाव गिऱ्हाइकाने कधी ऐकलेलं नाही. ‘क्ष’ शोधताना वर दिसलं ते ‘क्ष’चंच असेल, असं त्याला वाटू शकतं. ‘पण वेबसाइटवर आल्यावर आमचंच नाव दिसतं की’ हा बचावही लंगडा आहे. डीआरएस निकालात स्पष्ट म्हटलंय की गोंधळ किती वेळ टिकला याचं मोजमाप कलम २९(२) मध्ये नाही. क्षणभराचा गोंधळही पुरतो.

आता तो स्क्रीनशॉट. तुमच्या जाहिरातीचं पहिलं शीर्षक दिसतंय : ‘क्ष पेस्ट कंट्रोल पुणे’. हे भाच्याने हाताने लिहिलेलं नसावं. शीर्षकाच्या चौकटीत महिरपी कंसात ‘कीवर्ड’ हा शब्द, पुढे कोलन (:) आणि ‘पेस्ट कंट्रोल पुणे’ असं काहीतरी असेल, तपासा. याला डायनॅमिक कीवर्ड इन्सर्शन म्हणतात. जो कीवर्ड लागू झाला, तो गूगल थेट शीर्षकात बसवतो. शीर्षकाच्या ३० अक्षरांत तो मावला नाही तर पुढे दिलेला ठरावीक मजकूर दिसतो. गिऱ्हाइकाने काय टाइप केलं ते तिथे येत नाही, तुमच्या यादीतला शब्द येतो. म्हणून यादीत ‘क्ष’ नसता, तर शीर्षकात ‘क्ष’ आला नसता. पडद्यामागचा कीवर्ड असा पडद्यावर आला, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. जाहिरातीच्या मजकुरात दुसऱ्याचं नाव, तोच धंदा, तेच शहर. कलम २९(२) आणि जाहिरातीबद्दलचं २९(८), दोन्हींचा आधार त्यांना मिळतो. ‘आम्ही लिहिलं नाही, मशीनने लिहिलं’ हे उत्तर चालणार नाही. भाच्याने केलं म्हणूनही सुटका नाही; जाहिरात तुमच्या व्यवसायाची आहे.

उत्तर देण्याआधी एक काम घरबसल्या करा. भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोध-सुविधेत नोटिशीतला अर्ज क्रमांक टाकून पाहा. ‘रजिस्टर्ड’ (नोंदणी झालेली) आहे, की ‘ऑब्जेक्टेड’ (कार्यालयाने हरकत घेतलेली) किंवा ‘ऑपोज्ड’ (दुसऱ्याने विरोध केलेली)? नोंदणीच झालेली नसेल तर कलम २७ प्रमाणे भंगाचा दावा चालत नाही. त्यांना ‘पासिंग ऑफ’चा (आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवल्याचा) दावा करावा लागेल आणि त्यासाठी स्वतःचा नावलौकिक सिद्ध करावा लागेल. (नोंदणी नसताना नावापुढे गोलातला ‘आर’ लावणं हा त्यांचाच गुन्हा ठरतो, कलम १०७.) वर्गही बघा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या माल-सेवेसाठी नोंदणी आहे ते. घर-ऑफिसमधल्या पेस्ट कंट्रोल सेवा ३७ व्या वर्गात मोडतात, कीटकनाशकं ५ व्या. नोंदणी फक्त ५ व्या वर्गात असेल तर ‘सेवा आणि माल सारखेच’ हे त्यांना पटवून द्यावं लागेल. अशक्य नाही, पण कष्टाचं आहे. आणि नोंदणी फक्त लोगोची असेल तर त्यातल्या ‘पेस्ट कंट्रोल’ या शब्दांवर त्यांची मक्तेदारी नाही, कलम १७.

मग पुरावा उतरवून ठेवा. अकाउंटमधून तीन गोष्टी डाउनलोड करा : बदलांचा इतिहास, ‘सर्च टर्म्स’चा (लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याचा) अहवाल आणि त्या चार कीवर्डचा तारीखवार खर्च. बदलांच्या इतिहासात कोणता कीवर्ड कधी टाकला आणि कुणी टाकला हे दिसतं. तो बारकाईने वाचा, कारण ‘सूचना आपोआप लागू करा’ चालू असेल तर काही कीवर्ड गूगलनेच घातलेले निघतात. जबाबदारी त्याने टळत नाही, पण हेतू ठरवताना उपयोग होतो. हे कोर्टात दाखवायचं झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. कोणत्या संगणकावर, कोणत्या दिवशी डाउनलोड केलं हे आत्ताच लिहून ठेवा.

१५ लाखांच्या आकड्याने घाबरू नका, त्याचा हिशोब नोटिशीत कुठेही नाही. तुमचा हिशोब मात्र कागदावर आहे : २१२ क्लिक, तीन कामं. नोंदणीची माहिती नव्हती, तसं वाटायला वाजवी कारणही नव्हतं आणि कळताक्षणी थांबलो, हे तुम्ही दाखवू शकलात तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३५(३) प्रमाणे नाममात्र भरपाईपलीकडे पैसे द्यावे लागत नाहीत. पहिला भाग तुम्हाला जड जाईल, कारण नाव मुद्दाम निवडलं होतं. दुसरा भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून ‘पॉज’ आजच.

फौजदारीची धमकी अशा नोटिशीत ठरलेली असते. झडती-जप्तीसाठी उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं, कलम ११५(४). ‘निराधार धमकी’ म्हणून कलम १४२ खाली उलट दावा ठोका, असं कुणी सुचवेल. हा स्क्रीनशॉट समोर असताना त्या वाटेला जाऊ नका.

सात दिवसांची मुदत त्यांची, कायद्याची नाही. तरी वेळेत आणि वकिलामार्फतच उत्तर द्या, वर ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून. मजकूर एका पानाचा पुरे : कीवर्ड अमुक तारखेला थांबवले, शीर्षकातला आपोआप बदलणारा भाग काढला, भंग मान्य नाही, भरपाईची मागणी अमान्य. माफी लिहून देऊ नका, तो कबुलीजबाब म्हणून वापरला जाईल. त्याऐवजी हमी द्या, आणि तिचे शब्द मोजून घ्या. ‘क्ष शोधल्यावर आमची जाहिरात कधीही दिसणार नाही’ असं समोरून मागतील. ते कबूल करू नका. तुमचा ‘पेस्ट कंट्रोल’ हा साधा कीवर्ड ‘ब्रॉड मॅच’वर (मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणारी सेटिंग) असेल तर ‘क्ष’ शोधणाऱ्यालाही गूगल तुमची जाहिरात दाखवू शकतं. अशी हमी कोर्टाच्या तडजोडीत नोंदली गेली आणि एकदा जरी मोडली, तर न्यायालयाच्या अवमानापर्यंत गोष्ट जाते. हमी एवढीच द्या : ते नाव कीवर्ड म्हणून टाकणार नाही, जाहिरातीच्या मजकुरात आणि लिंकमध्ये वापरणार नाही, आणि ‘निगेटिव्ह कीवर्ड’मध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये त्या यादीत) घालू.

निगेटिव्ह घालताना नावातला खास शब्द तेवढा घ्या, ‘फ्रेज मॅच’मध्ये (शोधात तो शब्द कुठेही आला तरी लागू होईल असा). ‘पेस्ट’ किंवा ‘पुणे’ घातलात तर स्वतःचीच जाहिरात बंद पडेल. रोमन लिपीत, देवनागरीत, जोडून आणि तोडून असं सगळं घाला. सूचना आपोआप लागू होणं आणि शीर्षकं आपोआप तयार होणं, दोन्ही बंद करा.

ते कीवर्ड सोडताना हळहळ वाटत असेल तर भागाकार करून बघा. एका कामामागे २,२६१ रुपये जाहिरातीत गेले. झुरळांच्या एका फवारणीत तेवढे सुटतात का?

शेवटचं, आणि हे उत्तर पाठवण्याआधीच करायचं. वाणिज्य न्यायालयातल्या दाव्याला आधी मध्यस्थी सक्तीची असली तरी तातडीचा मनाई हुकूम मागणाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि तो हुकूम तुम्हाला न ऐकता, एकतर्फी मिळू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली पुण्यात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा अर्ज) दाखल करा, त्याची प्रत ‘रजिस्ट्रेशन’सह स्पीड पोस्टाने ‘क्ष’ला पाठवा आणि पावती जपून ठेवा. कॅव्हेट ९० दिवस चालतं. ८५ व्या दिवशी मोबाइलवर रिमाइंडर लावा, गरज वाटली तर नवीन दाखल करता येईल.