अंगावर जास्त जाणं, आणि एका डॉक्टरांचं नाव

प्रश्न : माझ्या मुलीचा घोळणा लहानपणापासून फुटतो. आता पाळी आली की आठ-नऊ दिवस अंगावर जातं. रिपोर्टात ‘व्हॉन विलेब्रँड’ लिहिलंय. हे काय? हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, मुलग्यांनाच होतो ना? माझं आणि आईचंही असंच असायचं, म्हणून आम्ही कधी मनावर घेतलं नाही.

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. एका मुलीला मी दोन वर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिले होते. तिच्या आईची पाळी कशी होती, हे विचारलंच नाही. ती चूक अजून टोचते.

एरिक फॉन विलेब्रँड यांनी नेमकं तेच विचारलं. ते फिनलंडचे डॉक्टर; रिपोर्टातलं आजाराचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. १९२४ मध्ये ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी हेलसिंकीत त्यांच्याकडे आली. तिच्या काही बहिणी रक्तस्रावाने आधीच गेल्या होत्या. डॉक्टरांनी घराण्यातल्या ६६ जणांची माहिती जमवली; २३ जणांना त्रास होता आणि त्यात बायका जास्त. हिमोफिलियापेक्षा हे वेगळं, असं त्यांनी १९२६ मध्ये स्वीडिश भाषेत लिहिलं. ती मुलगी मात्र वाचली नाही. वयात आली आणि चौथ्याच पाळीत रक्त थांबेना, त्यातच गेली.

प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांची, संख्या पुरेशी, तरी रक्त का थांबत नाही, हे कोडं पुढे सुटलं. जखम झाली की प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीशी चिकटवणारं एक प्रथिन रक्तात असतं. या आजारात तेच कमी किंवा सदोष असतं. हा आजार मुलगा-मुलगी पाहत नाही. पण दर महिन्याची पाळी आणि बाळंतपण यांमुळे बाईला जास्त भोगावं लागतं.

तुमच्या लेकीला त्या मुलीसारखं काही होईल, अशी धास्ती घेऊ नका. बहुतेकांचा आजार सौम्य असतो आणि आज औषधं आहेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. दाढ काढायची असली तरी आधी सांगा. या प्रथिनाची पातळी वरखाली होते, त्यामुळे तपासणी पुन्हा करायला सांगितली तर कंटाळू नका.

आणि पुढच्या खेपेला तुमचंही रक्त तपासून घ्या. आईच्या बाळंतपणात किती रक्त गेलं होतं, घरात कुणाला आठवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.