नवीन मराठी ब्लॉगसाठी कोणती थीम निवडावी? फुकटची चालेल की विकत घ्यावी?

तुम्ही वर्डप्रेसवर पुस्तकं आणि भटकंती यांवर मराठीत लिहिणार आहात आणि तीन थीम बाजूला काढल्या आहेत: एक मासिकासारखी, चौकटी-चौकटींची, एक काळ्या पार्श्वभूमीची, आणि एक साधी, एका स्तंभाची. तिसरी घ्या. फुकटची पुरे. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण या तिन्ही थीम तुम्ही डेमो पाहून निवडल्या असणार, आणि खरी अडचण तिथेच आहे.

डेमो, म्हणजे थीम दाखवायला केलेलं नमुना-पान, इंग्रजीत असतो. तुम्हाला आवडलेली ती टापटीप रोमन अक्षरांची असते, आणि उरलेली त्या महागड्या छायाचित्रांची. थीम बसवून त्यात मराठी मजकूर टाकला की दोन्ही जातात. बरं, बिघाड एकदम डोळ्यांवर येतही नाही. पान 'काहीतरी बरोबर दिसत नाही' इतकंच जाणवतं आणि माणूस रंग बदलत बसतो.

फॉन्टचंच बघा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीम घ्या: ट्वेंटी ट्वेंटी-फोरमध्ये इंटर आणि कार्डो आहेत, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हमध्ये मुख्य फॉन्ट मॅनरोप. यांतल्या एकातही देवनागरी नाही. मग तुमचं मराठी दिसतं कसं? ब्राउझर वाचणाऱ्याच्या यंत्रातला देवनागरी फॉन्ट उसना घेतो. विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सान्स देवनागरी. तिघांची उंची वेगळी, जाडी वेगळी. तुम्ही लॅपटॉपवर तासभर खपून जुळवलेलं पान वाचकाच्या फोनवर निराळंच असतं. खात्री करायची तर क्रोममध्ये एखाद्या मराठी परिच्छेदावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, उजवीकडे 'कम्प्युटेड' टॅबमध्ये अगदी तळाशी जा. तिथे 'रेंडर्ड फॉन्ट्स' असं लिहिलेलं असतं आणि खाली प्रत्यक्ष वापरला गेलेला फॉन्ट. थीमने सांगितलेला फॉन्ट आणि हा फॉन्ट वेगळे निघाले तर देवनागरीबद्दल थीमने काहीही ठरवलेलं नाही असं समजा.

आता एक उदाहरण, कारण त्यात सगळे रोग एकत्र सापडले. किल्ल्यांवरचा एक ब्लॉग दुरुस्तीला आला होता. विकतची मासिक-थीम, डेमो जसाच्या तसा आयात केलेला. मुख्य विभागाचं नाव 'दुर्गभ्रमंती', आणि होमपेजवरच्या प्रत्येक चौकटीत ते 'दुगभ्रमंती' दिसत होतं. रफार गायब. खालच्या एका लेखाच्या शीर्षकात 'मूर्तींविषयी' होतं, त्यातला रफार आणि अनुस्वार दोन्ही छाटलेले, वेलांटीचं वरचं वळणही सपाट कापलेलं. लेख उघडला की तेच शब्द धडधाकट. त्यामुळे मालकांचा फॉन्टवर संशय गेला आणि त्यांनी तीन फॉन्ट बदलून पाहिले. प्रत्येक फॉन्टमध्ये थोडं कमी-जास्त कापलं जायचं, एवढाच फरक.

फॉन्टचा दोष नव्हताच. चौकटीतल्या शीर्षकाला थीमने लाइन-हाइट १ दिली होती, आणि शीर्षक दोन ओळींत मावावं म्हणून 'ओव्हरफ्लो हिडन' लावलं होतं. म्हणजे २४ पिक्सेलच्या अक्षराला २४ पिक्सेलचीच ओळ, आणि त्याबाहेर जे डोकावेल ते कापायचं. रोमन अक्षर त्यात मावतं. देवनागरी मावत नाही, कारण तिच्यात शिरोरेषेच्या वर एक मजला आहे आणि अक्षराच्या खाली एक. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, हलन्त आणि 'ट्र'सारख्या जोडाक्षरांचे पाय. चांगल्या देवनागरी फॉन्टची स्वतःची ओळ-उंचीच दीडपटीच्या आसपास ठेवलेली असते, ती या मजल्यांसाठी. दुरुस्ती चार ओळींची होती: चौकटीतल्या शीर्षकाची लाइन-हाइट १.४, वरून ०.१५ एमचं (अक्षराच्या आकाराच्या ०.१५ पट) पॅडिंग म्हणजे मोकळी जागा, दोन ओळींची सक्ती रद्द, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य. रफार परत आला.

यावर थीम जुळवून देणाऱ्या डिझायनरचं म्हणणं असं पडलं की ओळींत एवढी जागा सोडली तर पान रिकामं, विस्कटलेलं दिसतं. लाइन-हाइट राहू द्या, अक्षर बारीक करा. हा युक्तिवाद इतक्या वेळा ऐकू येतो की इथे त्याचं उत्तर देऊनच टाकतो. अक्षर बारीक केल्याने काहीही सुटत नाही, कारण लाइन-हाइट पटीत असते. अक्षर लहान झालं की ओळही तेवढीच लहान होते आणि रफार तिथेच कापला जातो. वर 'ष्ट्य', 'द्ध्व' यांसारख्या जोडाक्षरांचा गिचका होतो तो वेगळाच. रोमन अक्षरं ओळीवर उभी असतात, आपली अक्षरं रेषेला टांगलेली असतात. शिरोरेषा स्वतःच एक ठळक आडवी पट्टी असल्यामुळे ओळी जवळ आल्या की पान रेघांनी भरल्यासारखं दिसतं आणि डोळा पुढची ओळ धरताना चुकतो. खिळे जुळवून छापायचे तेव्हाही ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवत होते, त्याला कोणी रिकामं पान म्हटलं नाही. इंग्रजी पानाशेजारी ठेवून मराठी पान 'जास्त मोकळं' ठरवणं हीच मुळात चुकीची मोजपट्टी आहे.

मग आकडे काय ठेवायचे? मजकूर १८ किंवा १९ पिक्सेल, लाइन-हाइट १.७ ते १.८. शीर्षकं १.३५ ते १.४, १.२ च्या खाली कधीही नाही. स्तंभाची रुंदी ६८० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे एका ओळीत साधारण १० ते १३ शब्द बसतात. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळं सोडा. दोन्ही बाजूंनी जुळवून घेतलं की आपल्या लांबलचक सामासिक शब्दांमुळे मधे भगदाडं पडतात, फोनवर तर फारच. आणि हे आकडे सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) इंग्रजी अंकांतच टाका. मराठी अंक टाकले तर ती ओळ ब्राउझर गुपचूप टाकून देतो आणि काहीच बदललं नाही म्हणून तुम्ही चक्रावता.

लेटर-स्पेसिंग हा दुसरा मोठा शत्रू. मेन्यू आणि विभागांची नावं इंग्रजी थीममध्ये मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत), अक्षरं सुटी-सुटी करून लिहायची फॅशन आहे. मोठी लिपी आपल्याकडे नाही, त्यामुळे तो नियम निष्फळ जातो; सुटी अक्षरं मात्र लागू होतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. 'पु स्त कं' असं काहीतरी दिसू लागतं. उलट मोठ्या शीर्षकांना काही थीम उणे अंतर देतात, तिथे काना शेजारच्या अक्षरात घुसतो. दोन्ही शून्य करा. अवतरणं तिरकी करणारा नियमही काढून टाका. बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरकं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि वेलांट्या कलंडतात. अवतरणाला डावीकडे एक जाड रेघ आणि थोडी आत सरकवलेली कड पुरते. ३०० वजनाचा (वजन म्हणजे अक्षराची जाडी) बारीक फॉन्टही नको, स्वस्त फोनच्या पडद्यावर त्यातल्या मात्रा विरून जातात.

थीम पक्की करण्याआधी एक कच्चा लेख बनवा आणि त्यात, शीर्षकातसुद्धा, हे दोन ओळींचं वाक्य टाका:

नैर्ऋत्येकडच्या दऱ्याखोऱ्यांतल्या उद्ध्वस्त मूर्तींविषयीचं वाङ्मय
राष्ट्रीय शत्रू, हृदय, कीर्ती, ॲलर्जी, ट्रॅक्टर, ऑक्टोबर, कृष्णा

'नैर्ऋत्य'मधला ऋवरचा रफार कित्येक फॉन्टना जमत नाही, तिथे ठिपक्यांचं वर्तुळ येतं. 'दऱ्या'तला ऱ्य चंद्रकोरीसारखा दिसायला हवा, साधा र्य नको. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तो नसतो आणि शेजारच्या अक्षरांशी न जुळणारा उसना ॲ डोकावतो. 'मूर्तीं'चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतोय का तेही बघा. फोनवर, लॅपटॉपवर आणि शक्य असेल तर एखाद्या जुन्या विंडोजवर, असं तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय थीम ठरवू नका.

फॉन्टसाठी माझं मत: मजकुराला मुक्ता. मुंबईच्या एक टाइपने केलेला, फुकट, सात वजनांत मिळतो आणि त्यातली रोमन अक्षरंही देवनागरीशी जुळतात, म्हणून फॉन्टच्या यादीत तोच पहिला ठेवा. यादीत इंटर आधी आणि मुक्ता नंतर असं ठेवलंत तर लेखातले इंग्रजी शब्द आणि इंग्रजी अंक वेगळ्याच मापाचे दिसतात. पुस्तकी चेहरा हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी सुंदर आहे, पण त्यात ठळक वजन नाही, त्यामुळे ठळक शब्द ब्राउझर अक्षरं फुगवून बनवतो. तो मजकुराला ठेवून शीर्षकं मुक्ताच्या ७०० मध्ये, ही जोडी छान जमते. फाइली दोनच घ्या, ४०० आणि ७००. शेकडो जोडाक्षरं असल्याने देवनागरी फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. फाइल हलकी करायला कुठल्याशा संकेतस्थळावरून फॉन्ट 'छाटून' आणू नका. छाटणाऱ्याने जोडाक्षरांचे नियम उडवले की 'विद्यार्थी'ऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरं उरतात. वर्डप्रेस ६.५ पासून ब्लॉक थीममध्ये (जिथे अख्खं पान ब्लॉकनी जुळवतात) फॉन्ट लायब्ररी आहे, तिथे फाइल स्वतः चढवा; इतर थीममध्ये, खाली सुचवलेल्या दोन्ही तशाच आहेत, थीमच्या फॉन्ट-सेटिंगमधून मुक्ता निवडा. मग वरचं वाक्य पुन्हा तपासा.

सेटिंग्जमध्ये संकेतस्थळाची भाषा 'मराठी' करा. पुष्कळजण करत नाहीत. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, जे शासनाच्या २००९ च्या निर्णयातही नमूद आहेत, आणि हिंदी वळणाचे ल-श यांना युनिकोडमध्ये एकच जागा आहे. कोणतं रूप दाखवायचं हे फॉन्ट पानाच्या भाषेवरून ठरवतो, अर्थात फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर. भाषा इंग्रजी ठेवलीत की बहुधा हिंदी वळण येतं. व्यवस्थापनाची बाजू इंग्रजीत हवी असेल तर ती तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळी ठेवता येते. भाषा बदलूनही 'रीड मोअर', 'लीव्ह अ रिप्लाय' इंग्रजीतच राहिले, तर थीमचा मराठी अनुवाद झालेला नाही. लोको ट्रान्सलेट प्लगिनने तेवढे शब्द स्वतः भरा. तिथेही बदलले नाहीत तर ते थीमच्या कोडमध्ये ठोकून बसवलेले आहेत. तशी थीम घेऊच नका.

मासिकवाली नको म्हणालो, कारण तिचं होमपेज भरायला १२-१५ लेख लागतात आणि तुमच्याकडे सुरुवातीला चार असतील. शिवाय रफार छाटणाऱ्या चौकटी तिथेच असतात. काळ्या पार्श्वभूमीवर लांब मराठी लेख वाचताना शिरोरेषा चकाकते आणि ओळी तरंगतात. छायाचित्रांचा ब्लॉग असता तर हरकत नव्हती. पांढऱ्यावर लिहितानाही राखाडी फार फिकी करू नका. तीन नवांचा रंग (#999) पांढऱ्यावर साधारण २.८५ इतकाच उठाव (कॉन्ट्रास्ट) देतो, वाचनीयतेसाठी किमान ४.५ लागतो.

नाव विचाराल तर जनरेटप्रेस किंवा केडेन्स, दोन्हींची फुकटची आवृत्ती. लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंग दोन्ही कोड न लिहिता बदलता येतात, तुम्हाला तेच हवंय. पैसे द्यायचेच असतील तर सहा महिने लिहून झाल्यावर द्या. विकतची थीम कुठूनतरी 'फुकट' उतरवून घेऊ नका, त्यांत घुसखोर कोड असणं नेहमीचं आहे. थीमच्या मूळ फाइलींत बदल केलात तर पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातील. बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या उप-थीममध्ये) किंवा 'ॲडिशनल सीएसएस'मध्ये करा.

हे सगळं स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसबद्दल आहे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत स्वतःचं सीएसएस लिहिता येत नाही, ब्लॉगरवर येतं.

आणि एक, थीमचा विषय नाही पण पहिल्याच दिवशी करायचं: लेखाचा दुवा रोमन लिपीत हाताने लिहा. वर्डप्रेस दुव्याला २०० चिन्हांची जागा देतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तिथे नऊ चिन्हं खातं. 'दुर्गभ्रमंतीच्या वाटेवर' एवढ्यातच १९९ होतात. त्यापुढचं शीर्षक कापलं जातं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते. नंतर दुवा बदललात तर आधी पाठवलेले दुवे तुटण्याची भीती असते, म्हणून प्रकाशित करण्याआधीच बदला.