फ्लूच्या लशीवर काम करायचंय

प्रश्न : मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्लूचा विषाणू आणि लस यांवर संशोधन करायचं आहे. हाताला कोणतं काम बसायला हवं?

उत्तर : आधी कोंबडीचं अंडं, कारण फ्लूचा विषाणू त्यात वाढवतात. १०-११ दिवस उबवलेलं अंडं अंधारात दिव्यासमोर धरा. रक्तवाहिन्यांचं जाळं आणि हलणारा गर्भ दिसला, तरच घ्या. हवेच्या पोकळीच्या कडेला पेन्सिलीने खूण करायची, कवचाला बारीक छिद्र पाडायचं, ०.१ ते ०.२ मिलि विषाणूचा नमुना अ‍ॅलँटॉइक पोकळीत (गर्भाचा टाकाऊ द्रव साठवणाऱ्या पिशवीत) सोडून छिद्र मेणाने बंद करायचं. मग ३३ ते ३५ अंशांवर दोन-तीन दिवस. पुढे नवखे चुकतात : विषाणू वाढलेला हा द्रव काढण्याआधी अंडं रात्रभर ४ अंशांवर ठेवायलाच हवं. नाहीतर रक्तस्राव होतो, तांबड्या पेशी द्रवात उतरतात, विषाणू त्यांनाच चिकटतो आणि मोजणीत तो कमी भरतो.

अंड्यात वाढताना विषाणूचं हिमॅग्लुटिनिन (पेशीला चिकटण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर असलेलं प्रथिन) बदलू शकतं. लस कमी पडण्याचं ते एक कारण आहे, म्हणून असा बदल ओळखण्यासाठी विषाणूचा जनुकक्रम वाचायला आत्ताच शिका; ते पुढे ढकलू नका. शिक्षणासाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था डोळ्यांसमोर ठेवा.