कुणी ओळखीचं भेटलं तर?

प्रश्न : वय ४४, राहणार विक्रोळी. खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेर क्वार्टर ठरलेली. चार महिन्यांपासून सकाळी आंघोळीआधीही थोडी लागते, नाहीतर हात थरथरतात. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात असं ऐकलं. त्या कुठे भरतात, पैसे किती पडतात? कुणी ओळखीचं भेटलं तर काय करायचं? शिवाय मी देव मानत नाही. – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘आंघोळीआधी’ या शब्दाशी मी थांबलो. त्यामुळे मीटिंगचं नंतर, आधी हे. आज रात्री मुलांची शपथ घेऊन बाटली मोरीत ओतू नका. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नसतील, तर शरीराला तिची सवय लागली आहे. एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. केईएम, सायन, नायर, जे जवळ पडेल तिथल्या मानसोपचार विभागात जा आणि रोज किती पिता तो आकडा खरा सांगा. (मी निम्माच सांगितला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि दुप्पट करून लिहिला.) मीटिंगसाठी मात्र दारू सुटेपर्यंत थांबायचं कारण नाही.

या मीटिंगा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, बोलताना सगळे नुसतं ‘एए’ म्हणतात. त्यांचं भारतातलं कार्यालय आपल्या भायखळ्यालाच आहे. फोन केलात किंवा वेबसाइट बघितलीत, तर तुमच्या भागात कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या भाषेत मीटिंग असते ते कळेल. मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे ग्रुप आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. जागा बहुतेक महापालिकेच्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये असते. चर्च म्हटल्यावर आमच्या आईच्या पोटात गोळा आला होता. पण ग्रुपला तिथे फक्त खोली हवी असते, बाकी संबंध नाही.

फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, दहा-वीस रुपये टाका किंवा नुसती पुढे द्या. बाहेरच्यांची देणगी एए घेतच नाही.

आता ओळखीचं. मलाही हीच धास्ती होती. मी परळचा. तिथलं कुणी भेटू नये म्हणून दादरला पूल चढून अंधेरीच्या मीटिंगला जायचो. दुसऱ्याच महिन्यात समोरच्या खुर्चीवर कोण? आमच्याच बिल्डिंगचा सेक्रेटरी! तोही परळ टाळायला अंधेरीला आलेला. परतीच्या लोकलमध्ये आम्ही दोघं दादरपर्यंत एकमेकांच्या चपला बघत बसलो. पुढे सतरा वर्षं झाली, बिल्डिंगमध्ये हे दोघांपैकी एकानेही कधी काढलं नाही. जो भेटेल तो त्याच कामासाठी आलेला असतो. तरीही विक्रोळी नको वाटत असेल, तर चार स्टेशनं सोडून जा.

पहिल्या मीटिंगला मी चौथीच्या बाकावर बसलो होतो. गुडघे आत मावेनात, भिंतीवर बाराचा पाढा. चहा देणाऱ्या गृहस्थाने बाकीच्यांचे ग्लास भरले, माझा अर्धाच. मनात आलं, नवा म्हणून कमी देतोय. ग्लास उचलला तेव्हा लक्षात आलं. भरलेला असता तर निम्मा पँटवर सांडला असता. माझ्या हातांकडे त्याने आधीच बघून ठेवलं होतं, आणि बोलला काहीच नाही.

त्या दिवशी मीही काही बोललो नाही. चालतं. नुसतं ऐकलं तरी पुरतं.

देवाचं म्हणाल तर एएच्या ज्या बारा पायऱ्या आहेत, म्हणजे दारूतून बाहेर पडायचे टप्पे, त्यांत देव येतो, तो ज्याला जसा समजेल तसा. आमचं घर लाल बावट्याचं, मला तो अजून समजलेला नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. या चळवळीचा जन्म मानतात तो दिवस १० जून १९३५, गाव अमेरिकेतलं अ‍ॅक्रन. ती सुरू करणारे दोघं, बिल आणि डॉक्टर बॉब. बॉब हे सर्जन होते. त्या सकाळी ऑपरेशन होतं आणि हात थरथरत होते, म्हणून सोबती बिल यांनी त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची. (हा प्रयोग तुम्ही करू नका, वर सांगितलेला डॉक्टर गाठा.)

बायकोला घेऊन जायचं असेल तर ‘ओपन’ मीटिंग विचारून घ्या. ‘क्लोज्ड’ फक्त पिणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत. तुम्ही जा वा न जा, त्यांना तिथे जाता येतं. एक ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा. एका ठिकाणी मला भाषणंच फार वाटली होती.

आणि पहिल्या दिवशी उशिरा पोचू नका, दार वाजलं की सगळे वळून बघतात. दहा मिनिटं आधी जा. तेव्हा बहुधा चहा करणारा एकटाच असतो.